नागपूरचा मे आणि गच्चीवरच्या कुंड्या: घरीच करता येणारी सावली, पाणी आणि मातीची कामं

धरमपेठची_गच्ची | १८ एप्रिल, सकाळी ७:५२

मंडळी, गच्ची साधारण ३०० चौरस फूट, पश्चिमेला आणि उत्तरेला मोकळी. कुंड्या ४०. निम्म्याहून जास्त १२ इंची काळ्या आणि तांबड्या प्लास्टिकच्या, बाकी ग्रो बॅग आणि थोड्या मातीच्या. मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, पुदिना, मिरची, वांगी आणि संत्र्याचं एक कलम.

पारा आत्ताच ४२ ला टेकला आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही दुपारी झाडं माना टाकतात, पानांच्या कडा करपतात, जास्वंदाची नवी पानं पिवळी येतात. पाणी बोअरचं. मे अखेर दहा दिवस घर बंद राहणार आहे.

माळी न लावता दोन-तीन रविवारांत स्वतःच्या हातानं काय बांधता येईल? सावलीची जाळी किती टक्क्यांची, कुठे लावायची, आणि बंद घरात पाण्याची सोय कशी करायची, हे नेमकं सांगा.

मृगाचा_पाऊस | १८ एप्रिल, सकाळी ९:१५

नागपुरात मे महिन्यात कुंडीतलं झाड तहानेनं कमी आणि मुळं भाजून जास्त मरतं. जमिनीतल्या झाडाला खाली गारवा मिळतो. कुंडीला चारही बाजूंनी ऊन लागतं आणि खालून स्लॅब तापवतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली पश्चिमेकडची माती दुपारी ५० अंशांपर्यंत जाते. बहुतेक झाडांची मुळं ३५-३८ अंशांपुढे मंदावतात. मुळं पाणी ओढत नाहीत, पानं मात्र सोडत राहतात, म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकतं. ते पाहून आपण दुपारी आणखी पाणी ओततो. गरम, हवा नसलेल्या चिखलात मुळं कुजतात आणि मग झाड खरंच जातं.

ओळखायचं असं: मान टाकलेलं झाड दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांत आपोआप ताठ झालं, तर तो उष्म्याचा ताण. पाणी वाढवू नका, सावली वाढवा. सकाळी सहालाही मान खालीच असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळांचा बिघाड आहे, पाणी थांबवा आणि कुंडी सावलीत न्या.

पहिला रविवार कुंड्या थंड करण्यात घालवा, त्याला खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक कुंडी स्लॅबवरून उचलून दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. कुंड्या एकमेकींना चिकटवून एकच गठ्ठा करा. पश्चिमेच्या कडेला बोगनवेल, कढीपत्ता, अडेनियम अशी दणकट झाडं, मध्ये पुदिना, मोगरा, मिरची. बाहेरच्या रांगेच्या कुंड्यांना बारदाना दोन वेढे गुंडाळून सुतळीनं बांधा आणि सकाळच्या पाण्याबरोबर तो भिजवा.

नाजूक झाडासाठी कुंडीत कुंडी. १२ इंची कुंडी १६ इंची मातीच्या कुंडीत ठेवायची, तळाशी दोन इंच रेती, मधल्या फटीत धानाचा तूस दाबून भरायचा आणि तो ओला ठेवायचा. बाहेरच्या कुंडीचं भोक बुजवू नका, नाहीतर पहिल्या पावसात आतली कुंडी बुडते.

सक्करदरा_वाफा | १८ एप्रिल, सकाळी ९:४०

काळ्या कुंड्यांना चुना मारून घ्या न भाऊ, अर्धं काम तिथंच होते.

रोपवाटिका_काका | १८ एप्रिल, सकाळी १०:०५

प्लास्टिकवर नुसता चुना टिकत नाही, दोन वेळा पाणी लागलं की पोपडे निघतात आणि ते मातीत जातात. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात आणखी चुना नको. प्लास्टिकची कुंडी सँडपेपरनं हलकी घासून बाहेरून पांढरा एक्स्टेरियर इमल्शन दोन हात मारा. मातीच्या कुंडीला मात्र रंग लावूच नका. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं म्हणूनच ती थंड राहते.

सक्करदरा_वाफा | १८ एप्रिल, सकाळी १०:११

हे बरोबर आहे काका. कुंडीपुरता चुना रद्द.

खामला_कट्टा | १८ एप्रिल, सकाळी ११:३०

सगळं पटलं, पण गच्चीवर जाळी ताणली तर कुरडया, पापड आणि सरगुंड्या कुठे वाळवायच्या? घरात परवानगी कोण काढणार?

जाळी_आणि_पाईप | १८ एप्रिल, दुपारी १:२०

खामला_कट्टा, दक्षिणेकडची चार फुटांची पट्टी मोकळी सोडा, वाळवण तिथे. झाडांना ती पट्टी मे महिन्यात तशीही उपयोगाची नाही. त्याचं कारण कळलं की जाळी कुठे लावायची तेही कळतं.

नागपूर साधारण २१.१ उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. नवतपाही, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच दिवसांत सुरू होतो. तेव्हा भिंत किंवा कठडा भर दुपारी काही सावली देत नाही, जाळी वरूनच हवी. या दिवसांत सूर्य मावळतो तो नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तर वायव्येकडे सरकून. म्हणून तिसऱ्या प्रहराचं ऊन पश्चिमेबरोबर उत्तरेच्या मोकळ्या बाजूनंही आत येतं. धरमपेठवाल्यांच्या या दोन्ही बाजू उघड्या आहेत, म्हणजे छत आणि वायव्य कोपऱ्याला उभी जाळी, दोन्ही लागतील.

१० बाय १० फुटांच्या मांडवाचं साहित्य: एक इंची जीआय पाईपचे ८ फुटी चार खांब, वरच्या चौकटीला १० फुटी चार पाईप, चार कोपऱ्यांचे जोड, रंगाच्या २० लिटरच्या चार रिकाम्या बादल्या, एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. खांब बादलीत मधोमध उभा करून ओळंब्यानं सरळ करा, काँक्रीट भरा, सात दिवस पाणी मारा. भरलेली बादली ४५ किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ती जागेवरच भरा. स्लॅबला ड्रिल करू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की पावसाळ्यात खालच्या खोलीत गळती. खांब कठड्याला पट्टीनं बांधलेत तर चालेल, पण खिळा कठड्याच्या उभ्या अंगालाच.

जाळी चौकटीपेक्षा सहा इंच मोठी कापा. कडा दोनदा दुमडून त्यात चार मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवा आणि दर फुटाला चौकटीशी बांधा. नुसत्या जाळीला गाठी मारल्या की ती तिथूनच फाटते. सुतळी उन्हानं महिन्याभरात कुजते. तरीही पश्चिमेची एक बाजू मुद्दाम सुतळीनंच बांधा आणि ती पंधरा दिवसांनी बदलत राहा. मेच्या शेवटी संध्याकाळी अचानक वादळ येतं, १०० चौरस फूट जाळीत वारा भरला तर मांडव उचलू शकतो. एक बाजू आधी तुटली की जाळी फडफडते, खांब वाचतात.

उभी जाळी खालून दीड फूट मोकळी ठेवा, वरच्या जाळीत आणि तिच्यात एक फुटाची फट ठेवा. चारही बाजू बंद केल्यात तर आतली गरम हवा बाहेर पडत नाही आणि झाडं सावलीतच उकडतात.

फुटाळा_फर्न | १८ एप्रिल, दुपारी २:०२

७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, हिरवी जाळी घ्या, विषय संपला. ५० टक्क्यांच्या जाळीखाली मनीप्लांटसुद्धा करपतो.

जाळी_आणि_पाईप | १८ एप्रिल, दुपारी २:२५

मनीप्लांट, फर्न, कॅलाथिया यांना ७५ ठीक. पण त्यांच्याकडे मिरची, वांगी, गुलाब, मोगरा आहे. ७५ खाली मिरची लांबट वाढते, मोगऱ्याला कळी धरत नाही. छताला ५० टक्के आणि वायव्येच्या उभ्या बाजूला ७५ टक्के अशी विभागणी करा. एकाच मांडवात दोन्ही गरजा भागवायच्या असतील तर एका कोपऱ्यात ५० ची दुहेरी घडी घाला, सावलीतली झाडं तिथे. पांढरी जाळी मिळाली तर हिरव्यापेक्षा बरी, ती ऊन परतवते. काळी टाळा, ती स्वतः तापून खाली उष्णता टाकते.

फुटाळा_फर्न | १८ एप्रिल, दुपारी २:३१

दुहेरी घडीची युक्ती घेतली.

क्षार_शोधक | १८ एप्रिल, रात्री ८:४७

पानांच्या कडा करपण्याबद्दल कोणी बोललं नाही. तो फक्त उन्हाचा परिणाम नाही, क्षारांचा आहे. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. कुंडीच्या काठाला आणि मातीच्या वर पांढरी साय दिसते ती हीच. आधी वरची अर्धा इंच माती खरवडून टाका, मग शक्य असेल तर नळाचं गोडं पाणी घेऊन कुंडीच्या मापाइतकं, म्हणजे १२ इंची बॅगेला २० लिटर, अर्ध्या तासात थोडं थोडं करून सोडा. खालून वाहून गेलं पाहिजे. हे उन्हाळ्यात एकदा पुरे. रोजच्या पाण्यातही साधारण दहावा भाग खालून निघेल इतकं द्या. रोज जेमतेम घोटभर दिलं की क्षार मुळांपाशी साठतात.

आणि नागपूरकरांसाठी खास सूचना: कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. हिशोब करून पाहा. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरू. आठवड्यात ३५० लिटर पाणी हवेत उडालं तर २८० ग्रॅम क्षार मागे उरले. काही कूलरच्या ताट्यांच्या गवतावर चिकटतील, बाकी ६० लिटरच्या टाकीत. ते पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारं होतं. डास होऊ नयेत म्हणून कूलर दर आठवड्याला रिकामा करायचाच असतो, ते पाणी अंगण धुवायला वापरा किंवा मोरीत सोडा. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर साधा मिळतो. ५०० पर्यंत निर्धास्त, १००० च्या वर फक्त जमिनीतल्या दणकट झाडांना, १५०० च्या वर कुठल्याच कुंडीला नाही. आरओमधून फेकलं जाणारं पाणीही याच मापानं तपासा.

नवी_बाग_मानेवाडा | १८ एप्रिल, रात्री ९:०३

ताई, एसीचं पाणी चालतं का? रोज बादलीभर निघतं.

क्षार_शोधक | १८ एप्रिल, रात्री ९:१०

चालतं, उत्तम. त्यात क्षार जवळजवळ नसतात. बोअरच्या पाण्यात निम्मं निम्मं मिसळून मोगरा, जास्वंद आणि संत्र्याला द्या. पाईप स्वच्छ आहे एवढं पाहा.

काळी_माती | १९ एप्रिल, सकाळी ६:५८

आता जास्वंदाची पिवळी पानं. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. जुनं, खालचं पान आधी पिवळं पडत असेल तर नत्राची. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं आहे. आपल्या मातीत लोह भरपूर आहे, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) आठच्या आसपास असतो आणि लोह मुळांना मिळत नाही. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट त्यात भर घालतं. ताटलीत कोरडी माती घेऊन व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसली तर चुनखडी आहेच.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकून फायदा नाही, दोन दिवसांत ते गंजून निकामी होतं. फवारणी करा: एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड, मग पाच ग्रॅम हिराकस, वर दोन थेंब भांड्यांचा द्रव साबण. द्रावण ताजं हवं, तांबूस झालं तर फेकून द्या. दिवस मावळल्यावर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग जात नाहीत, खाली पोतं अंथरा.

मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घेताना पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं पाहा. स्वस्तात मिळतं ते ईडीटीए, आणि ते आपल्या सामूच्या मातीत टिकत नाही.

वर्धारोड_वांगी | १९ एप्रिल, सकाळी ८:२०

काळ्या मातीत जिप्सम टाकलं की ती मोकळी होते, सगळे टाकून राहिले. कुंडीमागं दोन मुठी.

काळी_माती | १९ एप्रिल, सकाळी ८:५५

जिप्सम काम करतं ते सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियम आधीच रग्गड आहे, दोन मुठी जिप्सम म्हणजे कुंडीत आणखी क्षार. काळी माती मोकळी होते ती शेणखतानं आणि जाड भरडीनं.

२२ लिटरच्या १२ इंची बॅगेसाठी मिश्रण: चाळलेली काळी माती ६ लिटर, मुरलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत ७ लिटर, दोनदा धुतलेलं कोकोपीट ५ लिटर, जाड रेती किंवा जळका तूस ४ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. कन्हान नदीची जाड रेती मिळाली तर उत्तम, बारीक रेती घेऊ नका. काळ्या मातीत बारीक रेती मिसळली की ती सिमेंटासारखी आवळते. आणि हे मिश्रण आत्ता तयार करून पोत्यात ठेवा, कुंड्या मात्र जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावरच बदला. मे महिन्यात मुळं हलवलेलं झाड सहसा वाचत नाही.

मृगाचा_पाऊस | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

काळी_माती यांच्या प्रतिसादाला जोडून. काळी माती सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, मधला गोळा मात्र कोरडाच. पूर्ण सुकलेलं कोकोपीटही पाणी धरत नाही. अशी कुंडी टबात वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, मग काठाची फट खुरप्यानं बुजवा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, बोटापेक्षा ते खात्रीचं.

सक्करदरा_वाफा | १९ एप्रिल, सकाळी १०:१५

वर टाकायले रसवंतीतली चिपाडं फुकटात भेटतात. दोन इंच थर द्या, पाणी निम्मं लागते.

महाल_मोगरा | १९ एप्रिल, सकाळी १०:४२

चिपाडं चांगली, पण ताजी टाकू नका. त्यात साखर राहिलेली असते, मुंग्या येतात आणि आंबून वास सुटतो. पाण्यात रात्रभर भिजवून, पिळून, चार दिवस कडक उन्हात वाळवा, मग बोटभर लांबीचे तुकडे करा. थर मातीच्या वरच ठेवा, मातीत मिसळू नका, कुजताना ती नत्र खेचते. खोडापासून दोन इंच जागा सोडा, नाहीतर बुंधा सडतो. कूलरच्या जुन्या ताट्यांचं गवत वापरायचं असेल तर क्षार_शोधक यांचा हिशोब आठवा. ते तीन वेळा धुतल्याशिवाय कुंडीत नको.

मडकं_सिंचन | १९ एप्रिल, दुपारी ४:१०

पाण्याच्या यंत्रणेकडे वळू. नागपुरात मे महिन्यात चौकाचौकात माठ विकायला असतात, त्याचा फायदा घ्या. १८ इंची बॅगेत मधोमध दोन-तीन लिटरचं न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, गळा मातीच्या वर एक इंच. भोवती चार मिरच्या किंवा दोन वांगी. माती कोरडी होते तसं मडक्यातून पाणी ओढलं जातं, ओली असेल तेव्हा झिरपणं मंदावतं. म्हणून पाण्याचा अपव्यय नाही आणि वरची माती कोरडी राहिल्यानं तणही कमी.

विकत घेताना परीक्षा: भरून, पुसून सावलीत ठेवा. दोन तासांत अंगाला ओल फुटली पाहिजे. थेंब टपकत असतील तर चीर आहे. काहीच ओल नसेल तर ते फार भाजलेलं किंवा आतून लेप दिलेलं, ते उपयोगाचं नाही. तोंडावर थाळी हवीच, नाहीतर डास आणि बाष्पीभवन दोन्ही. मातीबाहेर राहणाऱ्या गळ्याला ऑइलपेंटचा एक हात द्या, तेवढं पाणी वाचतं.

१२ इंची कुंडीत मडकं पुरलं तर मुळांना जागा उरत नाही. तिथे संक्रांतीची सुगडं वापरा. पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, पुदिना आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) पसरट कुंडीत दोन सुगडं पुरतात. तैलरंगानं नक्षी काढलेली नकोत, ती झिरपत नाहीत. जुनी चार इंची मातीची कुंडीही चालते, तळाचं भोक एम-सीलनं बुजवा, वर बशी पालथी. एम-सील पाण्यात घालायच्या आधी पूर्ण दिवस वाळू द्या.

खामला_कट्टा | १९ एप्रिल, दुपारी ४:३०

पाण्याची बाटली पालथी खोचायची, झाकणाला भोक पाडायचं. एवढं सोपं असताना मडकी कशाला पुरायची?

मडकं_सिंचन | १९ एप्रिल, दुपारी ४:५५

बाटलीचं भोक मोठं असेल तर दोन लिटर तासाभरात संपतात, बारीक असेल तर मातीच्या कणानं बंद. दोन्हींच्या मधलं माप साधत नाही, शिवाय उन्हात बाटलीतलं पाणी तापतं. दोन दिवसांसाठी ठीक, दहा दिवसांसाठी भरवसा ठेवू नका.

महाल_मोगरा | १९ एप्रिल, सायंकाळी ६:०५

वातीची पद्धतही आहे. बादली आणि कुंडी यांच्यात जुन्या सुती साडीची पिळलेली पट्टी, एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं मातीत चार इंच. बाहेरचा भाग प्लास्टिकच्या नळीतून न्या, नाहीतर वाटेतच सुकतो. पाण्याची पातळी मातीपेक्षा सहा-आठ इंचांहून खाली गेली की वात ओढत नाही, म्हणून बादली कुंडीच्या उंचीला ठेवा. सुती वात दोन आठवड्यांत कुजायला लागते, पॉलिस्टरची दोरी जास्त टिकते. पुदिना, तुळस, मनीप्लांट यांना पुरेसं. मे महिन्यातल्या जास्वंदाला मात्र वातीनं पाणी पुरत नाही.

नवी_बाग_मानेवाडा | १९ एप्रिल, रात्री ८:१५

थोडं अवांतर. संत्रं खाल्ल्यावर बी लावलं तर कुंडीत संत्रं येईल का? आणि सालींचं काय करावं?

रोपवाटिका_काका | १९ एप्रिल, रात्री ८:५०

बी उगवतं, आणि नागपुरी संत्र्याच्या एका बीतून बऱ्याचदा एकापेक्षा जास्त रोपं येतात, त्यातली बहुतेक आईसारखीच. पण फळाला सहा-आठ वर्षं जाऊ शकतात, काटेही खूप. कलम घ्या, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं. डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा जोड, मातीपासून सहा इंच तरी वर हवी, ती पुरली गेली की डिंक्या रोग लागतो. खुंटावरून फुटणारे धुमारे दिसताक्षणी खुडा. कुंडी किमान २४ इंची. आपल्याकडे अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, कलम निवडण्यापूर्वी तिथे चौकशी करता येते.

साली ताज्या गांडूळखतात घालू नका, त्यातल्या तेलानं गांडुळं पळतात. बारीक चिरून आठवडाभर वाळवा, मग पाल्याच्या खतात मूठ-मूठ मिसळा.

वर्धारोड_वांगी | १९ एप्रिल, रात्री ९:२०

भेदरं फुलं टाकून राहिलं, एकही फळ धरत नाही. काऊन?

काळी_माती | १९ एप्रिल, रात्री ९:३५

रात्रीचं तापमान २४-२५ च्या वर राहिलं की टोमॅटोला फळधारणा होत नाही, परागकणच निकामी होतात. औषध नाही. झाड सावलीत जगवा किंवा काढून टाका, ऑगस्टमध्ये नवी रोपं करा. आत्ता पेरायचं तर भेंडी, बरबटी, चवळाई, अंबाडी, ढेमसं. सांबार हवाच असेल तर धणे फोडून बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात माठाच्या बुडाशी ठेवून मोड आणा, मग ७५ टक्के जाळीखाली. महिनाभराचा पाला मिळेल, तुरा लवकर येईल. भिवापुरी मिरचीची रोपं करायची असतील तर मेच्या शेवटी बी टाका, जुलैत लावणी.

फुटाळा_फर्न | १९ एप्रिल, रात्री १०:०२

जास्वंदावर पांढरा पिठ्या ढेकूण आणि गुलाबाच्या पानामागे लाल कोळीही याच दिवसांत. दुपारी निंबोळी तेल मारलं तर पान भाजतं. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूनं, तीन दिवस ओळीनं. कोळी त्यानंच निम्मे कमी होतात. मग संध्याकाळी एक लिटरला पाच मिली निंबोळी तेल, एक मिली द्रव साबण. गंधक ३५ अंशांच्या वर वापरू नका.

धरमपेठची_गच्ची | २० एप्रिल, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. व्हिनेगर टाकलं, माती फसफसली. आज विटा आणि बारदाना. पण दहा दिवस घर बंद असतानाचं अजून नक्की होत नाही. ४० कुंड्या, गच्चीवरची टाकी स्टँडवर आहे, ठिबक लावलं तर चालेल का?

जाळी_आणि_पाईप | २० एप्रिल, सकाळी ९:०५

चालेल, पण दुकानदार देईल तो संच आंधळेपणानं घेऊ नका. ठिबकचे साधे ड्रीपर एक बारच्या आसपासच्या दाबासाठी असतात. एक बार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. तुमच्या टाकीचा दाब दोन मीटरचा, म्हणजे ०.२ बार. दाब राखणारे म्हणून मिळणारे महाग ड्रीपर इतक्या दाबाला उघडतच नाहीत. १६ मिलिमीटरची मुख्य नळी, त्यावर ४ मिलिमीटरच्या नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला फिरवून कमी-जास्त करता येणारा नळ-ड्रीपर. सगळ्या बारीक नळ्या एकाच लांबीच्या, दोन फूट, ठेवा. टाकीच्या तोंडाशी १२० मेशची गाळणी, ती नसेल तर बोअरच्या पाण्यात आठवड्यात ड्रीपर बंद.

टायमरही पाहून घ्या. सोलेनॉइडवाला, म्हणजे विजेच्या चुंबकानं उघडझाप करणारा, कमी दाबावर नीट बंद होत नाही. बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा, बॅटरीचा घ्या आणि जाण्यापूर्वी नव्या बॅटऱ्या घाला.

माप असं: प्रत्येक ड्रीपर ताशी चार लिटरवर लावा. ग्लास धरून तीन मिनिटांत २०० मिली पडतं का ते बघा. टायमर दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. म्हणजे कुंडीमागे दिवसाला ६५० मिलिलिटरच्या थोडं वर, ४० कुंड्यांना रोज साधारण २७ लिटर, दहा दिवसांत २७० लिटर. टाकी ५०० लिटरची असली तरी पुरून उरेल. वेळ पहाटे पाच आणि रात्री दहा. संध्याकाळी सहाला टाकीतलं आणि नळीतलं पाणी हाताला चटका देण्याइतकं असतं, तेच मुळांवर पडतं. मुख्य नळीवर बारदाना टाका.

मृगाचा_पाऊस | २० एप्रिल, सकाळी ९:४०

६५० मिली मे अखेरच्या उन्हात १२ इंची कुंडीला अपुरे. मोकळ्या उन्हात भरगच्च झाडाला दोन-तीन लिटर लागतात. त्यामुळे आधी गरज कमी करा. जाण्याच्या पंधरा दिवस आधी जास्वंद, गुलाब, वांगी एक तृतीयांश छाटा, कळ्या आणि फळं काढा. खत बंद. सगळ्या कुंड्या जाळीखाली एका गठ्ठ्यात, वर चिपाडांचा थर. आदल्या दिवशी प्रत्येक कुंडी टबात बुडवून पूर्ण भिजवा. एवढं केलं की हेच माप बसतं. १८ इंची बॅगा आणि संत्र्याला दोन-दोन ड्रीपर लावा.

क्षार_शोधक | २० एप्रिल, सकाळी १०:१०

यंत्रणा निघायच्या किमान दहा दिवस आधी सुरू करा आणि घरी असतानाच टायमरवर चालवा. कुठला ड्रीपर बंद पडतो, कुठली कुंडी जास्त पिते, ते याच दिवसांत कळतं. बंद पडलेले ड्रीपर लिटरमागे २० ग्रॅम सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर टाकले की मोकळे होतात. मडक्यांची भोकं बुजली तरी हाच उपाय, वर नारळाच्या काथ्यानं घासा, साबण नको.

नवी_बाग_मानेवाडा | २० एप्रिल, सकाळी १०:३५

टाकीऐवजी २०० लिटरचे दोन ड्रम ठेवले तर?

जाळी_आणि_पाईप | २० एप्रिल, सकाळी ११:००

भरलेले दोन ड्रम ४०० किलोच्या वर. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वाढीव भार धरून आखलेला असतो. ड्रम स्लॅबच्या मधोमध नको, खाली बीम किंवा कॉलम असेल तिथे, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब. हेच १८ इंची बॅगांनाही लागू. ओली बॅग ८०-९० किलोची होते, त्या कठड्याच्या कडेनं बीमवर लावा. ड्रमला झाकण घट्ट बसवा आणि बाहेरून पांढरा रंग, नाहीतर पाणी शेवाळून गाळणी बंद होईल.

सक्करदरा_वाफा | २० एप्रिल, सकाळी ११:२०

अन् मृग लागला की सात-आठ जूनपासून टायमर काढून ठेवजा भाऊ. पाऊस पडून राहिला अन् ठिबक चालूच, असं झालं तर मोगरा सडते.

मडकं_सिंचन | २० एप्रिल, सकाळी ११:४५

बरोबर. त्याच सुमारास मडकी रिकामी करून पालथी झाका, चिपाडांचा थर बाजूला सारा आणि बारदाना सोडा. ओल्या बारदान्याखाली गोगलगाई जमतात. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस कुंड्यांवर थेट पडू द्या, साठलेले क्षार वाहून जातात. कुंड्यांच्या तळाची भोकं मात्र त्याआधी सळईनं मोकळी करून ठेवा.

धरमपेठची_गच्ची | २० एप्रिल, दुपारी १२:१०

५० ची जाळी छताला, ७५ ची वायव्येला, टायमर बॉल व्हॉल्व्हचा. एक शेवटचं: १६ मिलिमीटरच्या नळीला भोक घरच्या खिळ्यानं पाडलं तर चालेल?

जाळी_आणि_पाईप | २० एप्रिल, दुपारी १२:१८

नाही. खिळ्याचं भोक फाटल्यासारखं होतं, जोडणी तिथून गळते. ठिबकच्या दुकानात हातपंच मिळतो, तोच घ्या. चार मिलिमीटरची नळी बसत नसेल तर तिचं टोक गरम पाण्यात दहा सेकंद बुडवा, मऊ होऊन आत जाते.